त्रेपन्नने न भागली जाणारी संख्या

मागच्या वर्षी माझी थोरली बहीण गेली. ती शिकवायची त्या साताऱ्याच्या शाळेत तिच्यासाठी शोकसभा झाली. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी बोललो. बाई शिस्तीच्या होत्या, हाताला चव होती, घरच्या अडचणीत कधी डगमगल्या नाहीत, असं काहीबाही. टाळ्या वाजवायची वेळ नव्हती म्हणून लोक नुसते मान हलवत होते. खाली बसलो. जे बोलायचं होतं ते याही वेळी बोललो नव्हतो. म्हणून आता लिहितो आहे.

आम्ही तिला अक्का म्हणायचो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. गाव सातारा आणि कराडच्या मधलं, थोडा ऊस, बाकी जिराईत. वडील फौजेत होते, सामानाच्या कोठारावर. त्यांच्यामुळे आमच्या घरात एक पद्धत पडली होती. कुठलीही मोठी संख्या तोंडानं सांगितली की शेवटी तिचा नवाचा ताळा सांगायचा. संख्येतल्या आकड्यांची बेरीज करायची, त्या बेरजेतल्या आकड्यांची पुन्हा बेरीज, एकच आकडा उरेपर्यंत. तो ताळा. बंदुकीचा नंबर असो की उसाच्या खेपेचं वजन, वडील संख्या सांगायचे आणि म्हणायचे, "ताळा सात." ऐकणाऱ्यानं आपण लिहिलेल्याचा ताळा करून "जमला" म्हणायचं. तोवर वडील पुढं बोलायचे नाहीत. चिठ्ठीवर सही असावी तसा तो ताळा होता. आम्ही दोघं भावंडं त्या ताळ्यावर वाढलो.

अक्का गणितात माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी आज मोठेपणानं म्हणत नाही, तेव्हाही घरात सगळ्यांना माहीत होतं. ती बी.एस्सी.ला थांबली, कारण माझं कॉलेज सुरू व्हायचं होतं. मग बी.एड. करून साताऱ्यातल्या मुलींच्या शाळेत लागली. नवराही फौजेतलाच मिळाला. वर्षातून दोन महिने घरी, बाकी सरहद्दीवर. मी कोल्हापुरात एम.एस्सी. झालो आणि सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात गणिताचा व्याख्याता म्हणून लागलो. हंगामी. दुष्काळाच्या पाठोपाठची ती वर्षं. पक्की नोकरी मिळणं म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसालाच कळेल. दर जूनला नवीन नेमणूकपत्र आणि दर एप्रिलला ते संपायचं.

अक्काच्या डोक्यात ती संख्या शिरली ती वर्गातून. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत जायचे, ही गोष्ट तिनं मुलींना सांगितली. मुलींनी घरून ज्वारी आणली. दहाव्या घरापर्यंत मांडताना तास संपला. मग कुणा मुलीनं विचारलं, बाई, ही सगळी बेरीज कशानं भागली जाते? अक्कानं पहिल्या काही घरांच्या बेरजा फळ्यावर लिहिल्या. दोन घरांची बेरीज तीन. तीन घरांची सात. पाच घरांची एकतीस. सात घरांची एकशे सत्तावीस. सगळ्या मूळ संख्या, एक आणि स्वतः सोडून कशानंही न भागल्या जाणाऱ्या. घरांची संख्या मूळ असेल तर बेरीजही मूळ येते असं वाटायला लागलं, आणि अकरा घरांशी घोडं अडलं. तिथली बेरीज दोन हजार सत्तेचाळीस, आणि ती तेवीस गुणिले एकोणनव्वद.

दुसऱ्या कुणी तिथं विषय सोडला असता. अक्कानं तेवीस आणि एकोणनव्वद या दोघांकडं बघितलं. दोघांनाही अकरानं भागलं की बाकी एक उरते. पुढं तेरा, सतरा, एकोणीस घरांच्या बेरजा मूळ निघाल्या. तेवीस घरांची फुटली, तिचा एक भाजक सत्तेचाळीस, म्हणजे तेवीस दुणे सेहेचाळीस आणि एक. एकोणतीस घरांची फुटली, तिचा भाजक दोनशे तेहेतीस, आणि त्यालाही एकोणतीसनं भागून बाकी एकच. तिला नियम दिसला: घरं मूळ संख्येइतकी असतील, तर त्या बेरजेच्या कुठल्याही भाजकाला घरांच्या संख्येनं भागून बाकी एक उरलीच पाहिजे.

दिसणं वेगळं आणि पटवणं वेगळं. तिनं ते पटवलंही. चुलीपुढं बसून मला सांगितलेलं आठवतं. दाणे दुप्पट करत जा आणि दर वेळी त्या भाजकानं भागून बाकी बघ. बाकी फिरत फिरत पुन्हा एकावर येते, घाण्याचा बैल फिरून जागेवर येतो तशी. फेरा जर एकतीस घरांचा असेल, तर भाजकातून एक वजा केल्यावर उरतं त्यात असे फेरे पुरे बसले पाहिजेत, अर्धामुर्धा चालत नाही. मी "हं" म्हणालो. भाकरी गरम होती आणि माझं लक्ष ताटाकडं होतं, गणिताकडं नव्हतं. ज्या माणसाला विद्यापीठानं गणिताची पदवी दिली, त्यानं इतकं तरी ऐकायला हवं होतं.

पुढचं मूळ घर एकतीसावं. तिथपर्यंतच्या दाण्यांची बेरीज दहा आकडी. ती मूळ आहे का, हे बघायचं तर साध्या रीतीनं जवळजवळ पाच हजार मूळ संख्यांनी भागून बघावं लागलं असतं. अक्काच्या नियमानं ते काम शे-दीडशे भागाकारांवर आलं. बेरीज विषम, म्हणून भाजकही विषमच; तेव्हा एकतीसच्या दुपटीच्या, बासष्टच्या पाढ्यात एक मिळवला की जे येतं तेवढंच बघायचं, आणि त्यातलेही मूळ तेवढेच: तीनशे अकरा, तीनशे त्र्याहत्तर, सहाशे त्र्याऐंशी, असं पुढं. शाळा, सासूचं आजारपण, स्वयंपाक, हे सांभाळून तिनं ते वर्षभर केलं. एकदा झाल्यावर उलट्या क्रमानं पुन्हा केलं. कशानंही भाग गेला नाही.

मे महिन्याची सुट्टी संपवून मी सांगलीला निघालो तेव्हा ती सातारच्या स्टँडवर सोडायला आली. गाडी सुटायच्या बेतात असताना खिडकीशी येऊन म्हणाली, "आरं, तुज्या कॉलेजात मोठी पुस्तकं असतील. बघ जरा कुठं ह्या संख्येचं काय लिवलंय का. कुणी आदी केलंय का, एवढंच." आणि तोंडपाठ संख्या सांगितली, दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. शेवटी आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणं, "ताळा एक." मी तिकिटाच्या मागं लिहिलं, आकड्यांची बेरीज केली, सेहेचाळीस, दहा, एक. "जमला," म्हणालो. गाडी हलली.

मी काय लिहिलं होतं ते आता सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्याइतकं अंधारात राहावं लागणार नाही. "चौदा" म्हणताना चार आधी तोंडात येतो. माझ्या हातानं चार आधी लिहिला आणि मग एक. दोनशे चौदाचे दोनशे एक्केचाळीस झाले. पहिलीतली पोरं रोज ही चूक करतात आणि बाई रोज त्यांचे कान धरतात. ताळ्याला मात्र हे कळत नाही. आकडे तेच, जागा बदलली, बेरीज तीच. ज्या सहीवर आमचं घर विश्वास ठेवत आलं, ती सही या एका गोष्टीला आंधळी होती.

इथपर्यंत ती नुसती चूक होती. चुकीची लाज वाटते, पण ती एवढी वर्षं पुरत नाही. यापुढचं मी समजून उमजून केलं.

अक्कानं मला पुस्तकात बघायला सांगितलं होतं. मी बघितलं नाही. ग्रंथालय माझ्या वर्गापासून दोन खोल्यांवर होतं. एका रविवारी खोलीवर बसलो असताना तिकीट हाताला लागलं आणि मीच भागायला बसलो. तीन, सात, अकरा, तेरा असं करत वर गेलो आणि त्रेपन्नशी आलो तर भाग पुरा गेला. बाकी शून्य. त्रेपन्न गुणिले चार कोटी छप्पन्न लाख बारा हजार आठशे नव्याण्णव. गुणून पाहिलं, बरोबर. ताळा केला, एक. मला हसू आलं. वर्षभर जे अक्काला दिसलं नाही, ते मला भाजी शिजेपर्यंत दिसलं होतं. जिनं आयुष्यात एक हिशेब कच्चा ठेवला नाही तिला त्रेपन्न कसा दिसला नाही, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तर उत्तर त्या तिकिटावरच होतं.

आणि मी तिला कळवलं नाही.

कारण असं की, त्या हिवाळ्यात सातारा आणि सांगलीच्या गणित शिक्षकांचा मेळावा आमच्या कॉलेजात भरायचा होता. अध्यक्ष आमचे प्राचार्य. अक्काच्या मुख्याध्यापिकेनं तिचं नाव पाठवलं होतं आणि तिनं "पटावरचे दाणे" या विषयावर बोलायचं ठरलं होतं. बोलणं पसंत पडलं तर मेळाव्याच्या पुस्तिकेत तिचा लेख, तिच्या नियमासकट, छापणार होते. तिला दुसरं काही नको होतं. बढती नाही, हार नाही. तो नियम तिच्या नावानं कुठंतरी छापलेला असावा एवढंच. आणि माझ्या मनात आलं की प्राचार्यांपुढं उठून, भर सभेत त्रेपन्नचा भागाकार करून दाखवला, तर या हंगामी माणसाकडं त्यांचं लक्ष जाईल.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी अक्का माझ्या खोलीवर उतरली. भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी घेऊन आली होती. जेवण झाल्यावर म्हणाली, मी बोलून दाखवते, तू ऐक. भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि शाळेतल्या भाषेत बोलायला लागली. मी तिला सुचवण्या करत होतो. "भागनारा" नको, "भाजक" म्हण. "न्हाई" तोंडात येऊ देऊ नको. ती हसून दुरुस्त करत होती. तिकीट माझ्या शर्टाच्या खिशात होतं. तिनं मध्येच विचारलं, पुस्तकात काही सापडलं का. मी म्हणालो, बघायला वेळ झाला नाही. बघितलं नव्हतं हे खरंच होतं, आणि त्याच्याइतकं खोटं मी दुसरं काही बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. तासगाव, कवठे महांकाळ, वाई, कराड, कुठून कुठून शिक्षक आले होते. पुढच्या रांगेत प्राचार्य. अक्का छान बोलली. पटाचा तक्ता टांगला होता, मुलींच्या ज्वारीची गोष्ट सांगितली तेव्हा लोक हसले, फेऱ्याचं सांगितलं तेव्हा गप्प झाले. शेवटी फळ्यावर दहा आकडे लिहिले, मोठ्यानं वाचले, आणि ही संख्या मूळ आहे असं सांगून ती बाजूला उभी राहिली. पदराला हात पुसत होती, खडू लागला होता म्हणून.

मी उठलो. म्हणालो, बाईंचा आदर ठेवून एक शंका आहे. बहीण म्हणालो नाही, बाई म्हणालो. फळ्याशी गेलो आणि जागा करायला डस्टर घेऊन तिनं लिहिलेली संख्या पुसली. मग खिशातल्या तिकिटावरून माझी संख्या लिहिली आणि तिच्यापुढं त्रेपन्नचा भागाकार मांडला. शेवटी शून्य आलं तेव्हा मागच्या बाकांवरून कुजबुज झाली.

कुणीतरी अक्काला विचारलं, "बाई, त्रेपन्ननं भागून पाहिलं होतं का?"

"नाही," अक्का म्हणाली. "गरज नव्हती. त्रेपन्नला एकतीसनं भागलं तर बाकी बावीस उरते. तो भाजक असू शकत नाही."

सभागृह हसलं. फार नाही, पण हसलं. वर्षभर भागाकार केले आणि त्रेपन्ननं भागून पाहिलं नाही, हे कुणालाही हसण्यासारखंच वाटलं असतं. तिला पाहावं लागलं नव्हतं, कारण तिला त्रेपन्नच्या पलीकडचं कळलं होतं. हे त्या सभागृहात फक्त तिलाच माहीत होतं.

मी म्हणालो, "असू शकत नाही, पण आहे. समोर आहे. मग नियम चुकला."

तासगावकडचे एक वयस्क गुरुजी उठले. भांडण मिटवावं अशा आवाजात म्हणाले, ताळा करून बघू या. बाईंनी संख्या वाचली तेव्हा त्यांनी ती आपल्या कागदावर टिपून घेतली होती. त्यांनी तिचा ताळा केला. मग माझ्या गुणाकाराचा केला, तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्रेपन्नचा आठ, दुसऱ्याचा आठ, आठ आठे चौसष्ट, सहा न चार दहा, एक. "बाईंचा एक, सरांचा एक. जमला," म्हणाले आणि खाली बसले. झालं. त्या पिढीच्या शिक्षकाला ताळा जमल्यावर पुढं विचारायचं काही उरत नसे. आकडे एकेक करून कुणी बघितले नाहीत. बघितले असते, तर मी तिथंच उघडा पडलो असतो.

अक्का फळ्याशी आली. तिनं खडू उचलला. संख्येच्या सुरुवातीशी, डाव्या बाजूला, तिचा हात थांबला. फळ्याला खडू टेकला नाही, नुसता थांबला. ती फळ्याकडं बघत होती, मग पुढच्या रांगेतल्या प्राचार्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. हे किती वेळ चाललं सांगता येत नाही. हात नेमका कुठल्या आकड्यापाशी होता, हे मी तेव्हा पाहिलं की नंतर मनानं जोडलं, तेही सांगता येत नाही. तिनं खडू खाली ठेवला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग माझंच कुठंतरी चुकलं असेल."

लेख पुस्तिकेत आला नाही. प्राचार्यांनी चहाच्या वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवून दोन-चार जणांशी ओळख करून दिली. अक्का एका कोपऱ्यात बशीतून चहा पीत उभी होती.

संध्याकाळी तिला स्टँडवर सोडायला गेलो. तिनं तिच्या पोरांसाठी भडंग घेतला. मी काही बोलावं म्हणून म्हणालो, वाईट वाटून घेऊ नको, गणितात असं व्हायचंच. ती गाडीत बसली, खिडकीतून म्हणाली, "तुजं प्राचार्य लय खूश दिसलं. आता व्हईल तुजी नोकरी पक्की." मी समजलो ती मन मोठं करून बोलते आहे. ती मला झाल्या व्यवहाराची पोच देत होती, हे कळायला मला वर्षं लागली.

जूनमध्ये नोकरी पक्की झाली. त्यापूर्वीच, मेळाव्यानंतर महिन्याभरात, प्राचार्य म्हणाले, ते त्रेपन्नचं टिपण लिहून द्या, कॉलेजच्या वार्षिकात घालू. लिहायचं म्हणून मी पहिल्यांदा ग्रंथालयात गेलो. एका जाड इंग्रजी पुस्तकात तक्ता होता. दोनचा एकतीसावा घात वजा एक, म्हणजे एकतीस घरांच्या दाण्यांची बेरीज: मूळ. दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका गणितज्ञानं सिद्ध केलेलं. आणि त्यानं कसं केलं तेही दिलं होतं. भाजकाला एकतीसनं भागून बाकी एक उरली पाहिजे, म्हणून थोडेच भाजक तपासले. अक्काचा नियम. शब्द वेगळे, फेरा तोच.

मला पहिल्यांदा वाटलं पुस्तक चुकलं. मग तिथंच बसून एकापासून दुप्पट करत गेलो. एकतीसाव्या घरानंतर एक वजा केला आणि लिहिलं, दोनशे चौदा कोटी. खिशातलं तिकीट काढलं. दोनशे एक्केचाळीस. खऱ्या संख्येला त्रेपन्ननं भागलं. बाकी वीस.

त्या खोलीतला पंखा आवाज करत होता. शिपाई कुलूप घेऊन उभा होता. मी तिकीट फाडलं. आता वाटतं, ठेवायला हवं होतं.

प्राचार्यांना सांगितलं, विषय किरकोळ आहे, वार्षिकात नको. त्यांनी ते विनयाचं लक्षण मानलं. अक्काला पत्र लिहायला बसलो. "चौदा" हा शब्द कागदावर येईना. जिल्ह्याच्या शिक्षकांपुढं गणिताच्या व्याख्यात्यानं पहिलीतली चूक केली, हे बाहेर गेलं असतं तर मी सांगलीत राहू शकलो नसतो, असं तेव्हा वाटलं. जूनपर्यंत थांबू, नोकरी पक्की झाली की सांगू, असं ठरवलं. जून आला. मग माझं लग्न ठरलं. मग सांगायचं कारणच शिळं झालं असं मी स्वतःला समजावलं. मला एवढंच ठाऊक होतं की अक्कानं पटाची गोष्ट वर्गात सांगायचं बंद केलं आहे. ते तिच्या एका विद्यार्थिनीकडून कळलं होतं. कारण विचारायची माझी छाती झाली नाही.

मग माझी मुलगी पहिलीत असताना, पुढच्या दशकाच्या सुरुवातीला, आम्ही सुट्टीत साताऱ्याला गेलो. दुपारची वेळ, अक्का पडवीत पाटीवर मुलीचे अंक घेत होती. मी पायरीवर पेपर वाचत होतो. तिनं "चौदा" सांगितलं. मुलीनं आधी चार लिहिला, मग एक. अक्कानं पाटी पुसली नाही. मुलीचं बोट धरून त्या चारावर ठेवलं.

"चौदा म्हनताना चार आदी तोंडात येतो, व्हय ना? पर लिवताना एक आदी." मग वर न बघता म्हणाली, "तुज्या बापालाबी ह्येच जमत न्हवतं."

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं, भांडलो असतो, सगळं बाहेर आलं असतं. मुलगी हसली. "बाबांना?" म्हणाली. अक्का म्हणाली, "लहानपनी गं." आणि पुढचा अंक सांगितला.

म्हणजे तिला माहीत होतं. फळ्याशीच माहीत झालं होतं. नुसता खडू टेकवला असता आणि म्हणाली असती, भाऊ, चौदाचे एक्केचाळीस झालेत, तर तिची संख्या, तिचा नियम, वर्षभराचं काम, सगळं तिथल्या तिथं परत उभं राहिलं असतं. माझं हसं झालं असतं आणि प्राचार्यांनी जूनचं पत्र दुसऱ्या कुणाला दिलं असतं. तिनं पुढच्या रांगेकडं बघितलं होतं ते त्यासाठी. चुलीपुढं बसून मला शिकवणारीला दोन्हींचा हिशेब करायला वेळ लागला नसणार.

पायरीवरून उठून मी त्या क्षणी बोलू शकलो असतो. तिनं दार उघडून दिलं होतं. मी पेपरची घडी केली आणि माहुलीला नदीवर जाऊन येतो म्हणून बाहेर पडलो. परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि तिनं माझ्यासाठी वेगळी, कमी तिखटाची आमटी काढून ठेवली होती. त्यानंतर आम्ही दोघं पुष्कळ वर्षं जगलो. दर दिवाळीला भेटलो. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही आणि मी तिच्या न काढण्याचा फायदा घेत राहिलो. मी विभागप्रमुख झालो, निवृत्त झालो. मूळ संख्यांवर व्याख्यानं दिली. एकतीस घरं मात्र मी नेहमी वगळायचो.

शोकसभेत माझ्यानंतर तिची एक जुनी विद्यार्थिनी बोलली, आता स्वतः शिक्षिका आहे. ती म्हणाली, बाईंची एक सवय आम्ही सगळ्यांनी उचलली. बाकीचे सर म्हणायचे, ताळा जमला की गणित बरोबर. बाई म्हणायच्या, ताळा जमला तरी आकडे एकेक करून परत बघा. आम्ही विचारायचो, बाई, ताळ्यावर तुमचा विश्वास नाही का? तर त्या नुसत्या हसायच्या.

लोकांनी माझ्याकडं पाहिलं, भाऊ म्हणून. मी मान हलवली.

त्या मेळाव्याला हजर असलेले आता फारसे कुणी उरले नसतील. असतील तर त्यांच्या आठवणीत साताऱ्याच्या एक बाई आहेत, ज्यांनी त्रेपन्ननं भागून पाहिलं नाही. ते चूक आहे. बाईंची संख्या मूळ होती. बाईंचा नियम खरा होता, आणि तो त्यांनी कुठल्याही पुस्तकाशिवाय, सासूला औषध देता देता शोधला होता. फळ्यावर जी संख्या फुटली ती त्यांची नव्हती, माझी होती. त्यांची मी पुसली होती.

ती इथं परत लिहितो. डावीकडून: दोन, एक, चार, सात, चार, आठ, तीन, सहा, चार, सात.

ताळा सांगत नाही. आकडे एकेक करून बघावेत.